तौलनिक राजकारण : तुलना कशासाठी आणि कशी करायची

बडोद्यातल्या एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाला हे उत्तर आहे. राज्यशास्त्राच्या एम.ए.ला तिला तौलनिक राजकारण हा विषय आहे. बी.ए.ला तिने इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि चीन या देशांच्या राज्यघटना अभ्यासल्या होत्या. तिचे विचारणे असे, की तोच अभ्यास आता नव्या नावाने पुन्हा करायचा आहे, की या विषयाला स्वतःचे काही वेगळे म्हणायचे आहे. आणि बडोद्यात बसून, इथल्याच ग्रंथालयांच्या आधारावर अभ्यास करणाऱ्याने त्याची सुरुवात कुठून करावी. हा विषय मी बरीच वर्षे शिकवला आहे आणि हा प्रश्न बहुतेक चांगल्या विद्यार्थ्यांना कधी ना कधी पडतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुम्ही बी.ए.ला शिकलात ते वर्णन होते. ब्रिटनचा पंतप्रधान संसदेला जबाबदार असतो, अमेरिकेचा अध्यक्ष ठरावीक चार वर्षांसाठी निवडला जातो, फ्रान्समध्ये १९५८पासून अध्यक्ष आणि पंतप्रधान असे दोघेही असतात, ही माहिती आवश्यक आहे आणि तिच्यावाचून पुढे जाता येत नाही. पण पाच देशांची माहिती एकाखाली एक लिहून काढली म्हणजे तुलना झाली असे होत नाही. तौलनिक राजकारण सुरू होते ते 'का' या प्रश्नापासून. अमेरिकेत अध्यक्षीय पद्धती दोन शतकांहून अधिक काळ टिकली, मग लॅटिन अमेरिकेतल्या ज्या देशांनी तिचेच अनुकरण केले तिथे ती पुन्हा पुन्हा का कोसळली? हा प्रश्न एका देशाचा कितीही खोल अभ्यास केला तरी सुटणार नाही, कारण त्याचे उत्तर दोन प्रकारच्या देशांमधल्या फरकात दडलेले आहे.

हेच उदाहरण थोडे पुढे नेतो, कारण या विषयातला वाद कसा चालतो ते त्यात दिसते. राज्यशास्त्रज्ञ हुआन लिंझ यांनी १९९०मध्ये असे मांडले, की दोष अध्यक्षीय पद्धतीच्या रचनेतच आहे. अध्यक्ष आणि कायदेमंडळ दोघेही जनतेकडून स्वतंत्रपणे निवडून येतात, त्यामुळे दोघांनाही आपणच जनतेचे खरे प्रतिनिधी आहोत असे म्हणता येते, आणि दोघांत संघर्ष पेटला तर तो सोडवण्याचा लोकशाही मार्ग उरत नाही. शिवाय अध्यक्षाची मुदत ठरलेली असल्यामुळे नको झालेले सरकार सहजासहजी बदलता येत नाही. चिलीमध्ये १९७० साली साल्वादोर आयेंदे सुमारे ३६ टक्के मतांवर अध्यक्ष झाले, कायदेमंडळात बहुमत विरोधकांचे होते, आणि १९७३च्या सप्टेंबरमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली. लिंझ यांचे म्हणणे या घटनेला चपखल लागू पडते. परंतु स्कॉट मेनवेअरिंग यांनी असा आक्षेप घेतला, की धोका अध्यक्षीय पद्धतीत तेवढा नाही. अध्यक्षीय पद्धती आणि अनेक पक्ष हे दोन्ही एकत्र आले की तो उद्भवतो, आणि अमेरिकेत पक्ष दोनच असल्यामुळे तो टळतो. त्यानंतर होझे अँतोनियो शेइबुब यांनी जगभरातल्या लोकशाह्यांची आकडेवारी तपासून आणखी वेगळे उत्तर दिले : ज्या देशांना लष्करी हुकूमशाहीचा वारसा होता तिथे लोकशाही अधिक वेळा कोसळली, आणि नेमक्या त्याच देशांनी अध्यक्षीय पद्धती स्वीकारलेली होती, म्हणजे आपण ज्याला कारण समजत होतो ते केवळ कारणाच्या सोबत चालणारे होते. तिन्ही अभ्यासकांपुढे देश जवळपास तेच होते. निष्कर्ष बदलला तो कशाची तुलना कशाशी करायची याची निवड बदलल्यामुळे. या विषयाचे स्वतःचे म्हणणे काय, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर इथे आहे. तुलनेसाठी घेतलेली उदाहरणे कोणत्या कारणाने निवडली हे सांगता येणे म्हणजे तौलनिक राजकारण; बाकी सगळा तपशील त्याच्या सेवेला असतो.

ही विचारपद्धती परक्या देशांतून उसनी आणावी लागते असे समजू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना केलेले भाषण या विषयाच्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी वाचावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. लोकशाहीतल्या कार्यकारी मंडळाने दोन अटी पुऱ्या केल्या पाहिजेत, ते स्थिर असले पाहिजे आणि जबाबदार असले पाहिजे; दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात देणारी पद्धती आजवर सापडलेली नाही; अमेरिकी पद्धती स्थैर्य अधिक देते, ब्रिटिश पद्धती जबाबदारी अधिक देते, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले आहे, असे त्यांनी तिथे मांडले. इथे दोन देशांची माहिती नुसती शेजारी शेजारी ठेवलेली नाही. आधी मोजपट्टी ठरवली आहे, मग दोन्ही पद्धती तिच्यावर लावल्या आहेत, आणि मग काय मिळवण्यासाठी काय सोडावे लागते ते उघडपणे सांगितले आहे. १९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्याने पस्तीस वर्षांनी केलेली ही मांडणी आहे, याचा बडोद्याच्या माणसाला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

स्थैर्य आणि जबाबदारी यांच्यात तडजोड काढण्याचा एक वेगळा मार्ग जर्मनीने शोधला. वायमार प्रजासत्ताकात, म्हणजे हिटलरच्या आधीच्या जर्मन लोकशाहीत, परस्परविरोधी पक्ष सरकार पाडण्यासाठी एकत्र येत, पण नवे सरकार बनवण्यासाठी त्यांचे जमत नसे. त्या अनुभवावरून १९४९च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे जर्मनीच्या राज्यघटनेत, अशी तरतूद झाली, की चॅन्सेलरवर (सरकारच्या प्रमुखावर) अविश्वास दाखवायचा तर त्याच ठरावाने पुढचा चॅन्सेलर निवडावा लागेल. १ ऑक्टोबर १९८२ रोजी हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल आले ते याच मार्गाने. आता १७ एप्रिल १९९९ हा दिवस आठवा. ग्वाल्हेरला जन्मलेले अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचे सरकार विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले, दुसऱ्या कोणाला सरकार बनवता आले नाही, आणि देशाला पुन्हा निवडणुकीला सामोरे जावे लागले. जर्मन नियम आपल्याकडे असता तर काय झाले असते, असा प्रश्न तुम्ही विचारलात की तुलनेला सुरुवात झाली. तो नियम आपल्याकडे तसाच चालला असता का, की जर्मनीत तो चालतो तो तिथे लहान पक्षांना पाच टक्के मतांची अट असल्यामुळे संसदेत मोजकेच पक्ष येतात म्हणून, असा दुसरा प्रश्न विचारलात की तुलना जरा प्रौढ झाली.

या विषयाच्या इतिहासावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण तो पाठ्यपुस्तकांत भरपूर मिळतो आणि परीक्षेत नेहमी विचारला जात असल्यामुळे विद्यार्थी त्यातच अडकून पडतात. ॲरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यव्यवस्थांची माहिती गोळा केली होती अशी परंपरा आहे. त्यांपैकी अथेन्सविषयीचा ग्रंथ तेवढा आपल्या हाती आला आहे. आधुनिक काळात १९५५च्या सुमारास रॉय मॅक्रिडिस यांनी तोवरच्या अभ्यासावर जी टीका केली ती लक्षात ठेवा : हा अभ्यास पश्चिम युरोपपुरता आहे, कायद्याच्या कलमांत गुंतलेला आहे, आणि तो नावालाच तौलनिक आहे. याच काळात आशिया आणि आफ्रिकेत नवी राष्ट्रे उदयाला येत होती. त्यांच्या राज्यघटना कागदावर लंडन-पॅरिससारख्या दिसत आणि व्यवहार मात्र निराळा असे, त्यामुळे जुन्या पद्धतीने त्यांच्याविषयी काही उपयुक्त सांगताच येत नव्हते. गॅब्रिएल आल्मंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्थांची नावे बाजूला ठेवून कार्ये पाहायला सांगितली : लोकांच्या मागण्या कोण मांडतो, त्या एकत्र कोण बांधतो, लोकांना राजकारणाची सवय कुठून लागते. हा मोठा मोकळा श्वास होता. मात्र त्या मांडणीत असे गृहीत धरलेले होते, की सगळे देश आज ना उद्या अमेरिका-ब्रिटनच्या वाटेने जाणार. गरीब देशांचे मागासलेपण श्रीमंत देशांवरच्या अवलंबनातून येते असे मानणाऱ्या लॅटिन अमेरिकेतल्या अवलंबित्व सिद्धांतवाद्यांनी ते गृहीत नाकारले, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस थेडा स्कॉचपोल यांनी फ्रान्स, रशिया आणि चीन या तीन क्रांत्यांची तुलना करून राज्यसंस्था ही स्वतःच एक स्वतंत्र शक्ती आहे हे पुन्हा चर्चेत आणले. यापुढचे टप्पे तुमचे तुम्हाला वाचता येतील.

आता पद्धतीकडे वळू. इथे मी सावकाश जाणार आहे, कारण विद्यार्थ्यांना सर्वांत कमी शिकवला जाणारा आणि सर्वांत उपयोगी असलेला भाग हाच आहे.

जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३मध्ये मांडलेल्या तर्कपद्धतींपैकी दोन इथे कामाला येतात, आणि १९७०मध्ये ॲडम शेव्होर्स्की व हेन्री ट्यून यांनी त्यांनाच राज्यशास्त्रात नवे रूप दिले. पहिल्या पद्धतीत बहुतेक बाबतींत सारखी असणारी उदाहरणे घ्यायची, पण ज्यांचा परिणाम मात्र वेगळा झाला आहे अशी. म्हणजे जे सारखे आहे ते या फरकाचे कारण असू शकत नाही, आणि शोध उरलेल्या फरकांपुरता मर्यादित होतो. दुसऱ्या पद्धतीत जवळजवळ प्रत्येक बाबतीत भिन्न असलेली, पण परिणाम सारखा झालेली उदाहरणे घ्यायची, आणि त्यांच्यात समान काय आहे ते शोधायचे. स्कॉचपोल यांनी राजेशाही फ्रान्स, झारचा रशिया आणि सम्राटांचा चीन एकत्र ठेवले त्यात या दुसऱ्या विचाराचा मोठा वाटा होता.

पहिल्या पद्धतीचा सराव करायला बडोद्यातल्या मराठी विद्यार्थ्याला परदेशी जावे लागत नाही. आपल्या घरांच्या सोयरिकी ज्या दोन शहरांशी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, ती इंदूर आणि ग्वाल्हेर शेजारी ठेवा. शिंदे, होळकर आणि गायकवाड ही तिन्ही घराणी अठराव्या शतकातल्या मराठी सत्तेच्या विस्तारातून उभी राहिली. तिघांनीही बहुसंख्य प्रजा मराठी नसलेल्या प्रदेशावर राज्य केले. तिघांनीही इंग्रजांचे वर्चस्व मान्य करून आपले संस्थान टिकवले. ग्वाल्हेर आणि इंदूर १९४८मध्ये मध्य भारत या तेव्हाच्या राज्यात आणि बडोदे १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. आणि १९७१च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तिघांचेही तनखे बंद झाले. इतके साम्य असूनही निवडणुकीच्या राजकारणातले तिघांचे स्थान अगदी वेगळे झाले. ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे १९५७मध्ये काँग्रेसच्या उमेदवार म्हणून गुण्यातून लोकसभेवर गेल्या आणि पुढे जनसंघाच्या व भारतीय जनता पक्षाच्या प्रमुख नेत्यांपैकी एक झाल्या. त्यांचे चिरंजीव माधवराव जनसंघाकडून सुरुवात करून काँग्रेसमध्ये गेले. कन्या वसुंधराराजे राजस्थानच्या मुख्यमंत्री झाल्या. नातू ज्योतिरादित्य २०२०मध्ये काँग्रेस सोडून भाजपमध्ये आले. पक्ष बदलले, पण घराण्याचे वजन टिकून राहिले. बडोद्यात फत्तेसिंहराव गायकवाड १९५७पासून आणि नंतर १९८०च्या दशकात रणजितसिंह गायकवाड लोकसभेवर होते. त्यानंतर ती परंपरा थांबली. इंदूरमधून होळकर घराण्यातले कोणी लोकसभेवर गेलेच नाही. तिथे १९६२मध्ये कामगार चळवळीतले होमी दाजी निवडून आले, आणि १९८९पासून सलग आठ वेळा ज्या मराठी स्त्रीला इंदूरने लोकसभेत पाठवले त्या सुमित्रा महाजन कोणत्याही राजघराण्यातल्या नव्हत्या.

हा फरक का पडला? मी वर्गात हा प्रश्न देतो तेव्हा पहिले उत्तर व्यक्तींचे येते : विजयाराजे कर्तृत्ववान होत्या, म्हणून. त्या होत्याच, यात शंका नाही. पण व्यक्तीचे कर्तृत्व तीन पिढ्या आणि वेगवेगळे पक्ष यांवर पसरलेला प्रभाव पूर्णपणे उलगडू शकत नाही. जिवाजीराव शिंदे आणि यशवंतराव होळकर या दोघांचेही निधन १९६१मध्ये झाले, तेव्हा घराण्याचा प्रमुख पुरुष गेल्याचा धक्काही दोघांना जवळपास एकाच वेळी बसला. दुसरे उत्तर औद्योगिकीकरणाचे येते : इंदूरला कापडगिरण्या होत्या, कामगार संघटना बलवान होत्या, म्हणून तिथे राजघराण्याला जागा उरली नाही. हे पटण्यासारखे आहे. परंतु ग्वाल्हेरलाही जियाजीराव कॉटन मिल ही मोठी गिरणी होती आणि गिरणीकामगारही होते. म्हणजे गिरण्या असणे एवढे कारण पुरेसे ठरत नाही.

तिसरे कारण नकाशात सापडते आणि विद्यार्थ्यांना ते सहसा सुचत नाही. बडोदे संस्थान सलग नव्हते. बडोदे, नवसारी, कडी आणि अमरेली हे त्याचे प्रांत एकमेकांपासून तुटलेले होते, आणि ओखामंडळ तर द्वारकेजवळ समुद्रकाठी. होळकरांचा मुलूखही माळवा-निमाडात विखुरलेला होता. शिंद्यांचेही माळव्यात तुटक भाग होते, पण त्यांच्याजवळ भिंड-मुरैन्यापासून शिवपुरी-गुण्यापर्यंतचा मोठा सलग पट्टाही होता, आणि अनेक लोकसभा मतदारसंघ सामावतील इतका तो विस्तीर्ण होता. ज्या पक्षाला तो पट्टा हवा असेल त्याला त्या घराण्याशी बोलणी करावी लागत. बडोद्याच्या घराण्याकडे देण्यासारखे मुख्यतः एक शहर आणि त्याचा परिसर होता. हे गृहीतक मला आकर्षक वाटते. पण ते तपासायचे तर तीन संस्थाने अपुरी पडतात, म्हणून चौथे घ्या. त्रावणकोर सलग होते, मोठे होते, आणि तिथले शेवटचे महाराज १९५६पर्यंत राजप्रमुखही (राज्यपालासारखे राज्याचे प्रमुख) होते. तरी ते घराणे निवडणुकीच्या राजकारणात उतरले नाही. म्हणजे सलग प्रदेशही एकटा पुरत नाही. त्रावणकोरात साक्षरता, जातिसंघटना आणि डावी चळवळ यांनी राजसत्तेपासून स्वतंत्र असे राजकारण आधीच उभे केले होते. मग गृहीतक असे सुधारता येते, की सलग प्रदेश घराण्याला उपयोगी पडतो तो समाजात स्वतंत्र संघटना दुबळ्या असतील तेव्हाच. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेला, संस्था चालवणारा जो वर्ग त्यातून निर्माण झाला, त्याला पुढच्या राजकारणात राजवाड्याची फारशी गरज उरली नाही, असे या गृहीतकावरून म्हणता येईल. ते खरे आहे की नाही हे अजून पडताळायचे आहे. त्यासाठी जुन्या निवडणुकांचे निकाल, प्रजामंडळांची कागदपत्रे आणि संस्थानी अहवाल पाहावे लागतील, आणि तुमच्या प्रबंधिकेला हा विषय पुरून उरेल.

या सगळ्या खटाटोपात आपण काय केले ते पाहा. समान गोष्टी बाजूला काढल्या, उरलेल्या फरकांतून कारणे सुचवली, प्रत्येक कारणाला अडचणीत आणणारे उदाहरण मुद्दाम शोधले, आणि त्या अडचणीतून गृहीतक नेमके केले. अडचणीचे उदाहरण शोधणे ही यातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि बहुतेक लेखनात तीच गाळलेली असते.

तुलनेतले धोकेही समजून घेतले पाहिजेत. आरेंड लाइपहार्ट यांनी १९७१मध्येच सांगितले होते, की कारणे पुष्कळ आणि उदाहरणे थोडी ही या पद्धतीची मूळ अडचण आहे. वरच्या उदाहरणात तुम्हाला ती जाणवलीच असेल : संस्थाने तीन, आणि संभाव्य कारणे सहज दहा निघतील. बार्बरा गेडिस यांनी दाखवलेला धोका अधिक फसवा आहे. यशस्वी झालेलीच उदाहरणे निवडली तर निष्कर्ष आपोआप चुकतो. पूर्व आशियातल्या वेगाने वाढलेल्या देशांत कामगार संघटना दडपलेल्या होत्या, एवढ्यावरून दडपशाहीमुळे विकास होतो असे म्हणणारे अभ्यासक होऊन गेले. पण दडपशाही करूनही गरीबच राहिलेले देश त्यांनी मोजलेच नव्हते. तुमच्या वाचनात कोणताही तौलनिक दावा आला की आधी पाहा, परिणाम घडला नाही अशी उदाहरणे लेखकाने घेतली आहेत का. तिसरा धोका जिओव्हानी सार्तोरी यांनी १९७०मध्ये मांडला. संकल्पना जास्तीत जास्त देशांना लागू व्हावी म्हणून ती ताणत नेली, की शेवटी तिच्यात अर्थच उरत नाही. सोव्हिएत रशियाचा एकमेव पक्ष आणि स्वीडनमध्ये निवडणूक लढवणारा पक्ष यांना एकाच खान्यात घालून 'पक्षांची कार्ये' लिहू लागलो, तर लिहिलेले दोघांपैकी कोणालाच नीट लागू पडणार नाही. मोजण्यापूर्वी काय मोजतो आहोत ते निश्चित करा, असा त्यांचा आग्रह होता, आणि संगणकावर शेकडो देशांची आकडेवारी क्षणात मिळत असताना तो आज अधिकच योग्य आहे.

भारताचे या विषयातले स्थान विशेष आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांनी ते ओळखावे असे मला फार वाटते. सेमूर मार्टिन लिप्सेट यांनी १९५९मध्ये आर्थिक विकास आणि लोकशाही यांचा संबंध मांडला. त्या हिशेबाने भारतासारख्या गरीब आणि बहुसंख्य निरक्षर देशात लोकशाही टिकायला नको होती. मॉरिस द्युव्हेर्जे यांचा सिद्धांत सांगतो, की सर्वाधिक मते मिळवणारा विजयी या पद्धतीत दोन पक्ष उरतात. भारतात ते अनेक मतदारसंघांत घडते, पण देशाच्या पातळीवर घडत नाही, कारण प्रत्येक राज्यातली जोडी वेगळी असते. लाइपहार्ट यांनी १९९६मध्ये भारताच्या कोड्यावर स्वतंत्र लेख लिहून, विविध समाजगटांनी सत्ता वाटून घेतल्यामुळे इथली लोकशाही टिकली असे प्रतिपादन केले, आणि त्यावर जोरदार आक्षेपही आले. त्याआधीच रजनी कोठारी यांनी १९६४मध्ये काँग्रेस व्यवस्थेची मांडणी केली होती. एकच पक्ष दीर्घकाळ सत्तेवर असला म्हणजे हुकूमशाहीच असते असे नाही, त्या पक्षातले गट आणि बाहेरून दबाव आणणारे लहान पक्ष मिळून विरोधकांचे काम करू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. पाश्चात्त्य खाने भारताला बसत नाहीत म्हणून भारताला अपवाद ठरवण्याऐवजी त्यांनी खानेच बदलले. कोठारींनी दिल्लीला जाण्यापूर्वी बडोद्याच्या विद्यापीठात अध्यापन केले होते, हे इथल्या विद्यार्थ्यांना पुष्कळदा ठाऊक नसते.

देशांतर्गत तुलनेलाही आज मोठी प्रतिष्ठा आहे. भारतातली राज्ये, जिल्हे आणि शहरे एकाच घटनेखाली, एकाच निवडणूक कायद्याखाली असतात, त्यामुळे कितीतरी गोष्टी आपोआप समान राहतात. मायरन वायनर यांनी काँग्रेसच्या पक्षबांधणीचा अभ्यास खेडा, गुंटूर, बेळगाव, कलकत्ता आणि मदुराई अशा पाच ठिकाणी केला, त्यांतले खेडा आपल्या शेजारचेच. अतुल कोहली यांनी पश्चिम बंगाल, कर्नाटक आणि उत्तर प्रदेश यांची तुलना करून गरिबीविरोधी कार्यक्रमांचे यश सत्ताधारी पक्षाच्या स्वरूपावर कसे अवलंबून असते ते मांडले. आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद केली तेव्हा मृत्यूंचा फार मोठा वाटा केवळ आठ शहरांत आढळला. त्या आठांत अहमदाबादसोबत बडोद्याचेही नाव आहे, आणि ते वाचताना इथे राहणाऱ्या माणसाला अस्वस्थ वाटल्याशिवाय राहत नाही. वार्ष्णेय यांनी मग दंगल होणाऱ्या शहराशेजारी दंगल न होणारे शहर ठेवले : अलीगढसोबत कालिकत, हैदराबादसोबत लखनौ, अहमदाबादसोबत सुरत. व्यापारी मंडळे, कामगार संघटना, पक्ष यांतून दोन्ही समाजांची माणसे रोजच्या कामासाठी एकत्र येत असतील तर अफवा पसरत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. स्टीव्हन विल्किन्सन यांनी पुढे वेगळा मुद्दा मांडला : दंगल थांबवायची की नाही हे राज्य सरकारच्या हाती असते, आणि सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल तेव्हा पोलिस वेळेवर पोहोचतात. हे दोन्ही अभ्यास एकापाठोपाठ एक वाचा. एकात नजर समाजावर आहे, दुसऱ्यात राज्यसंस्थेवर, आणि तुम्ही ज्या शहरात राहता ते दोघांच्याही आकडेवारीत आहे.

आता सुरुवात कुठून करावी ते. आधी एक कोडे शोधा, देश नंतर. 'मला फ्रान्सचा अभ्यास करायचा आहे' असे म्हणण्याऐवजी 'अध्यक्ष एका पक्षाचा आणि पंतप्रधान दुसऱ्या पक्षाचा असे सहअस्तित्व फ्रान्समध्ये १९८६, १९९३ आणि १९९७मध्ये शांतपणे चालले, मग श्रीलंकेत २००१नंतर तेच का बिनसले' असे म्हणा. मग फ्रान्सच्या घटनेतले कोणते कलम वाचायचे आणि कोणते सोडायचे ते तुमचे तुम्हालाच कळेल. सिद्धांतांच्या यादीपाठी लागू नका. एका वादाच्या दोन्ही बाजू मुळातून वाचा, मग त्यातले सिद्धांत आपोआप लक्षात राहतात. तुमचे वाचन बहुतांशी इंग्रजीत आणि वर्गातली चर्चा कदाचित गुजरातीत होत असेल, पण टिपणे मराठीतच काढा, कारण विचार स्वतःच्या भाषेत मांडता आला नाही तर तो पाठांतरातच राहतो. आणि परीक्षेत 'तौलनिक पद्धतीचे महत्त्व विशद करा' असा प्रश्न आला, तर व्याख्यांची रांग लावण्यापेक्षा एकच तुलना घ्या, ती दोन उदाहरणे का निवडली ते पहिल्या परिच्छेदात लिहा, आणि ती कुठे अपुरी पडते तेही शेवटच्या परिच्छेदात न विसरता लिहा.